माथेरानची वाट

होळी होऊन जाते, मुलांच्या परीक्षा तोंडावर येतात, आणि मध्यम वर्गांतील घराघरांत दरसाल तोच प्रश्न नव्यानें उभा राहतो: यंदा सुटींत जावयाचें कोठें? पूर्वीं ह्या प्रश्नास उत्तरें ठरलेलीं असत. आजोळ कोंकणांत असलें तर कोंकण, देशावर असलें तर देश. आणि ज्यांस आजोळ नाहीं त्यांस फार तर नाशिक-त्र्यंबकेश्वर. आतां उत्तरें अनेक झालीं आहेत, आणि त्यामुळें प्रश्न अधिक अवघड झाला आहे. त्यांतच अलीकडे ह्या प्रश्नास एक पुरवणी जोडली गेली आहे. जेथें जाऊं तेथील झाडें, पाणी, हवा व माणसें यांस उपद्रव न होतां कसें जावें, असें विचारणारीं मुलें आतां घरोघर आढळूं लागलीं आहेत. पर्यावरण हा विषय शाळेंत आल्याचा हा परिणाम असावा. आणि शाळेच्या सर्वच परिणामांबद्दल आपण तक्रार करण्याचें कारण नाहीं.

आमच्या घरीं हा वाद कांहीं वर्षांपूर्वीं झाला. मोटार काढून घाट चढावा व तीन दिवसांत पांच ठिकाणें पाहून परतावें, असा आमचा बेत होता. कन्येनें त्यास हरकत घेतली. वादविवाद पुष्कळ झाला, आणि शेवटीं माथेरान हें नांव पुढें आलें. तेथें मोटार जातच नाहीं. तेव्हां तेथें गेल्यानें वादाचें मूळच नाहींसें होईल, असें आम्हांस वाटलें व आम्ही मनांतून सुखावलों. इतक्यांत त्याच कन्येनें विचारलें, "मोटार नाहीं हें ठीक, पण मग आजीला वर कोण नेणार?" आमच्या मातोश्रींचे गुडघे त्या वेळीं फार दुखत असत. प्रश्न साधा होता. परंतु त्याचें उत्तर शोधतां शोधतां आम्हीं त्या डोंगराचा मागचा पावणेदोनशें वर्षांचा इतिहास चाळला, आणि निर्दोष प्रवास म्हणजे काय ह्याविषयींच्या आमच्या कित्येक सोयीस्कर समजुती त्यांत गळून पडल्या. तो इतिहास वाचकांपुढें ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. केवळ मन रमविण्यासाठीं व हवापालट करण्यासाठीं घर सोडून दूर जाणें ही आपल्याकडे फार जुनी चाल नव्हे. आपले पूर्वज प्रवास करीत नसत असें नाहीं. आषाढी-कार्तिकीची पायीं वारी, काशी-रामेश्वराची यात्रा, लग्नकार्यें, व्यापार, मुलुखगिरी ह्या निमित्तांनीं ते पुष्कळ हिंडत. परंतु ह्या प्रत्येक प्रवासास कांहींतरी प्रयोजन असे, आणि बहुधा तो पायांनीं होई. जुन्या यात्रा म्हणून निर्मळ होत्या असें मात्र कोणीं समजूं नये. एकोणिसाव्या शतकांत पंढरपुरास यात्रेबरोबर पटकीची सांथ येई, आणि परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर ती गांवोगांव पसरे. सहस्रावधि माणसें एके ठिकाणीं जमलीं म्हणजे पाणी बिघडतें, मग तीं पुण्यासाठीं जमोत कीं मौजेसाठीं. पाण्याचा हा नियम श्रद्धेकडे पाहत नाहीं.

मौजेच्या प्रवासाचें आजचें रूप हें आगगाडीचें अपत्य होय. ५ जुलै १८४१ रोजीं टॉमस कुक नांवाच्या इंग्रज गृहस्थानें लेस्टरहून लफबरो ह्या गांवीं सुमारें ५०० माणसें आगगाडीनें नेलीं. माणशीं एक शिलिंग घेतला. आणि निमित्त होतें मद्यपाननिषेधाच्या सभेचें. पुढें जगभर पसरलेल्या सहलींच्या धंद्याचा आरंभ असा एका सोंवळ्या हेतूनें झाला, हें मोठें मौजेचें आहे. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी धांवली. पुढील वर्षीं ती कल्याणास पोंचली, आणि १८५६ सालीं रूळ सह्याद्रीच्या पायथ्याशीं खोपोलीपर्यंत गेले. ह्याच मार्गावर नेरळ हें गांव आहे, आणि नेरळच्या डोक्यावर माथेरानचा डोंगर आहे.

थंड हवेचीं ठिकाणें ही कल्पना मात्र आगगाडीहून जुनी. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यानें व तापानें त्रासलेल्या इंग्रज अंमलदारांस डोंगरमाथ्यावर आपल्या देशाची आठवण होई. मुंबई इलाख्यांत १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं महाबळेश्वरीं वसाहत केली. परंतु महाबळेश्वर मुंबईहून फार दूर. दोन दिवसांच्या सुटींत जाऊन येण्याजोगें तें नव्हतें. मुंबईच्या दाराशीं असलेला डोंगर सांपडावयास आणखी वीस-बावीस वर्षें लागलीं.

सांपडला असें म्हणतांना आम्हांस थोडा संकोच वाटतो. हकीकत अशी सांगतात कीं, ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट हे १८५० सालच्या मे महिन्यांत चौक गांवाजवळ तळ देऊन राहिले होते. एके सायंकाळीं फिरावयास म्हणून निघाले ते डोंगराच्या अंगास लागले, आणि बरेंच वर चढून गेले. दुसरे दिवशीं गांवच्या पाटलास बरोबर घेऊन त्यांनीं माथा गांठला. वरचें घनदाट रान, सांवली आणि गार वारा पाहून ते इतके प्रसन्न झाले कीं, त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ते पुन्हां वर आले, आणि पुढें त्यांनीं तेथें स्वतःचें घर बांधिलें. ह्यास माथेरानचा शोध म्हणतात. पण ज्या डोंगराची वाट गांवच्या पाटलास ठाऊक होती, ज्याच्या अंगाखांद्यावर ठाकर, कातकरी व धनगर पिढ्यान् पिढ्या वावरत होते, आणि ज्यास "माथ्यावरचें रान" ह्या अर्थाचें स्वच्छ मराठी नांव होतें, त्याचा शोध लागला म्हणजे काय झालें? साहेबास तो ठाऊक झाला, एवढेंच. आज तेथील टोंकांस लुइझा, अलेक्झांडर, पॅनोरमा, पॉर्क्युपाइन अशीं नांवें आहेत. तळ्यास शार्लट हें नांव आहे. वाट दाखविणाऱ्या पाटलाच्या नांवाचें टोंक मात्र आमच्या पाहण्यांत नाहीं. सहलीच्या इतिहासांत वाट दाखविणारा व ओझें वाहणारा हे दोघे बहुधा असेच निनांवी राहतात. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानीं ठेवावी. पुढें तिचें कारण पडणार आहे.

१८५३ पासून १८६० पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड एल्फिन्स्टन यांनीं डोंगरावर रस्ते आंखविले व स्वतःसाठीं बंगला बांधविला. गव्हर्नर आले म्हणजे दरबारी मंडळी येणारच. हळूहळू इंग्रज, पारशी, बोहरी, गुजराथी गृहस्थांचे बंगले उठले, बाजार बसला, घोडेवाले, हमाल, पाणके आले. नेरळपर्यंत आगगाडी झाल्यामुळें मुंबईकर सकाळीं निघून सायंकाळच्या आंत माथ्यावर पोंचूं लागला. परंतु नेरळापासून वरची सवादोन-अडीच हजार फुटांची चढण तशीच राहिली होती. ज्यास धडधाकट पाय होते तो चालत जाई. ज्याच्या गांठीं पैसा होता तो घोड्यावर किंवा पालखींत बसून जाई. म्हणजे मुंबईकर श्रीमंत गार हवा खाण्यासाठीं वर चढत असतां त्यांस खांद्यावर घेतलेलीं माणसें घामानें निथळत असत. आमच्या कन्येनें विचारलेला प्रश्न त्या काळींहि होता. फरक एवढाच कीं, तेव्हां तो विचारण्यासारखा कोणास वाटत नव्हता.

ह्या प्रश्नास पहिलें खरें उत्तर दिलें तें सरकारनें नव्हे, तर एका व्यापारी घराण्यानें. मुंबईचे प्रख्यात बोहरी व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनीं नेरळापासून माथेरानपर्यंत लहान आगगाडी नेण्याचें मनांत घेतलें, आणि पित्यानें त्यास पैसा पुरविला. १९०४ सालीं काम सुरू झालें व १९०७ च्या मार्चमध्यें गाडी चालूं लागली. खर्च सुमारें १६ लक्ष रुपये आला. त्या काळच्या मानानें ही रक्कम केवढी होती हें सांगावयास नको. रुळांमधील अंतर अवघें दोन फूट. मार्गाची लांबी सुमारें २० किलोमीटर. चढ सर्वांत कठीण जागीं वीस फुटांस एक फूट.

ह्या मार्गाची रचना पाहिली म्हणजे तींत एक शहाणपण दिसून येतें. मोठ्या घाटांत डोंगर फोडून बोगद्यामागून बोगदे काढावे लागले. येथें सबंध मार्गावर बोगदा एकच, आणि तोहि इतका आंखूड कीं विनोदी प्रवाशांनीं त्यास "वन किस" हें नांव दिलें. जेथें डोंगर आडवा आला तेथें रुळांनींच वळसा घेतला आहे. घोड्याच्या नालासारखीं अतिशय तीव्र वळणें घेत, एकाच कड्याच्या कुशींत दोन-तीनदां येऊन, गाडी वर चढत जाते. वळणांतून सुटावें म्हणून इंजिनांची घडणहि निराळी करावी लागली. सारांश, डोंगरास गाडीच्या मापाचा करण्याऐवजीं गाडीस डोंगराच्या मापाची केली. त्या बांधणाऱ्यांच्या मनांत पर्यावरणाचा विचार होता असें आमचें म्हणणें नाहीं. तो शब्दहि त्या अर्थानें तेव्हां रूढ नव्हता. पैसा मोजका होता व डोंगर मोठा होता, म्हणून त्यांनीं नम्रता पत्करली. पण नम्रतेचें फळ हेतूवर अवलंबून नसतें. आज शंभराहून अधिक वर्षें तें फळ आपण खात आहों.

माथेरानांत मोटार कां नाहीं, ह्याचा उलगडाहि येथेंच होतो. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, कोण्या दूरदर्शी पुरुषानें आरंभींच निसर्गप्रेमानें मोटारीस बंदी केली. वस्तुस्थिति अधिक साधी आहे. ज्या काळीं ही वसाहत आकारास आली त्या काळीं मोटार नव्हती. आणि मोटार आली तेव्हां माथ्यावर जावयास आगगाडी होती. वरचे रस्ते लाल मातीचे, झाडांमधून गेलेले, माणसांच्या व घोड्यांच्या पावलांच्या मापाचे. पुढें नेरळाहून मोटारीची सडक झाली तीहि बाजारपेठेच्या अलीकडे सुमारें अडीच-तीन किलोमीटरांवर दस्तुरी नाक्याशीं थांबली, ती आजतागायत तेथेंच थांबलेली आहे. प्रथम जें परिस्थितीनें घडलें तें पुढें रूढीनें टिकलें, आणि शेवटीं कायद्यानें पक्कें झालें. ४ फेब्रुवारी २००३ रोजीं केंद्र सरकारनें माथेरान व भोंवतालचा सुमारें २१५ चौरस किलोमीटर प्रदेश हें पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलें. खाणी, झाडतोड, बेसुमार बांधकाम यांस आळा घातला, आणि रोग्यांची किंवा आगीच्या बंबाची गाडी सोडून मोटारींस मज्जाव कायम केला. महाबळेश्वर-पांचगणीच्या प्रदेशास अशाच प्रकारचें संरक्षण २००१ सालीं मिळालें होतें. परंतु तेथें मोटारी पूर्वींच माथ्यावर पोंचल्या होत्या. मे महिन्यांत ज्यानें दोन्ही ठिकाणें पाहिलीं आहेत त्यास ह्या दोहोंतील अंतर सांगावें लागत नाहीं. कान मिटून घेतले तरी तें कळतें.

येथवर ही कथा सुखाची आहे. वर शेकरू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेपावतें. जांभळीच्या व अंजनीच्या सांवलींतून रस्ते जातात. रात्रीं रातकिड्यांशिवाय आवाज नाहीं. पण कथेचा दुसरा भाग सांगितल्यावांचून ती प्रामाणिक होणार नाहीं.

मोटार नाहीं म्हणजे ओझें नाहीं असें नव्हे. सुटीस येणाऱ्या माणसाची पेटी, हॉटेलाचें धान्य, स्वैंपाकाचा गॅस, बांधकामाची वाळू, आजारी माणूस, म्हातारें माणूस, हें सर्व दस्तुरीहून पुढें कशावर तरी गेलेंच पाहिजे. तें घोड्यांच्या पाठीवर, हमालांच्या डोक्यावर आणि हातरिक्षांच्या दांड्यांवर जात आलें. २०११ च्या खानेसुमारींत माथेरानची वस्ती अवघी ४,३९३ भरली. त्या एवढ्याशा गांवांत साडेचारशेंच्या आसपास घोडे व ९४ परवानेदार हातरिक्षा, असा हिशेब अलीकडच्या काळांत दिला जात असे. घोड्यांच्या टापांनीं मातीचे रस्ते उखळतात, पहिल्या पावसांत ती लाल माती वाहून जाते, आणि लीद धुऊन पाण्यांत उतरते. आणि रिक्षा! चढावर एक जण पुढें ओढतो व एक-दोघे मागून ढकलतात. आम्ही पहिल्यानें माथेरानास गेलों तेव्हां एका वृद्ध गृहस्थांस अशा रिक्षेंत बसलेले पाहिलें. ते संकोचानें अंग चोरून बसले होते, आणि ओढणारा त्यांच्याहून फारसा तरुण नव्हता. त्या दोघांपैकीं अधिक दया कोणाची करावी हें आम्हांस कळलें नाहीं. पर्यटकांची हवा स्वच्छ राहावी म्हणून दुसऱ्यांचे श्वास असे खर्ची पडत असतील, तर त्या स्वच्छतेचा जमाखर्च पुन्हां मांडावयास हवा.

तो मांडण्यास रिक्षा ओढणारेच पुढें झाले. आम्हांस माणसांप्रमाणें काम करूं द्या, विजेवर चालणाऱ्या रिक्षा वापरण्यास परवानगी द्या, असें मागणें त्यांनीं न्यायालयांत नेलें. ह्यावर मोठा वाद झाला. एक पक्ष म्हणे कीं, आज विजेची रिक्षा आली तर उद्यां मोटार येईल, आणि दीडशें वर्षें राखलेलें दार एकदां उघडलें कीं मिटणार नाहीं. घोडेवाल्यांसहि आपल्या पोटाची धास्ती वाटली. दुसरा पक्ष म्हणे कीं, पर्यावरणाच्या नांवाखालीं माणसास जनावरासारखें जुंपणें हें कोणत्या धर्मांत बसतें? दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य होतें, आणि म्हणूनच निवाडा सोपा नव्हता. डिसेंबर २०२२ मध्यें प्रयोग म्हणून सात विजेच्या रिक्षा सुरू झाल्या. पुढें सर्वोच्च न्यायालयानें अशा रिक्षा हातरिक्षा ओढणाऱ्यांसच मिळाव्या असें बजावलें. आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजीं, माणसानें माणसास ओढण्याची ही चाल अमानुष आहे असें सांगून ती सहा महिन्यांच्या आंत बंद करावी, ओढणाऱ्यांचें पुनर्वसन करावें, व पैसा नाहीं ही सबब राज्य सरकारनें पुढें करूं नये, असा आदेश दिला. त्याच निकालांत मोटारींवरील बंदीस मात्र धक्का लागला नाहीं. आणि आंतील वाटांवर फरशीचे ठोकळे पसरण्यासहि मनाई झाली. डोंगर राखावा आणि माणूसहि राखावा. एकाच्या रक्षणासाठीं दुसऱ्याचा बळी देऊं नये, हें त्या निकालाचें तात्पर्य आम्ही समजतों.

परंतु आमच्या मतें ह्या वादांत एका साक्षीदाराची साक्ष पुरती ऐकली गेली नाहीं. तो साक्षीदार म्हणजे १९०७ ची ती दोन फुटी आगगाडी. माणसाच्या खांद्यावरचें ओझें उतरविण्यासाठीं जी योजना एकशेंवीस वर्षांपूर्वीं झाली, ती जेव्हां जेव्हां बंद पडली तेव्हां तेव्हां तें ओझें पुन्हां खांद्यांवर आलें. जुलै २००५ च्या प्रलयकारी पावसांत मार्ग जागोजाग वाहून गेला. तो २००७ त, गाडीच्या शताब्दीच्या वर्षीं, पुन्हां सुरू झाला. मे २०१६ मध्यें डबे रुळांवरून घसरले म्हणून गाडी थांबली, ती सबंध मार्गावर पुन्हां धांवण्यास २०१८ चा जानेवारी उजाडला. २०१९ च्या पावसाळ्यानें रूळ पुन्हां उखडले, आणि नेरळाहून थेट गाडी २०२२ च्या ऑक्टोबरापर्यंत आली नाहीं. मध्यंतरीं वरच्या टोंकाशीं अमन लॉज ते माथेरान एवढ्या टप्प्यांत फेऱ्या होत. पण मुंबईहून निघालेला मनुष्य नेरळापासून दस्तुरीपर्यंत मोटारीनेंच येऊं लागला. ज्या गांवांत मोटार नाहीं त्या गांवाच्या वेशीवर मोटारींची दाटी व्हावी, ह्यापेक्षां मोठा उपहास कोणता? आपण बंदीकडे पाहतों व समाधान मानतों. बंदीस आधार देणाऱ्या वाहनाची डागडुजी मात्र विसरतों. निषेध करणें सोपें असतें. पर्याय राखणें अवघड असतें.

पाण्याचीहि गोष्ट अशीच. माथेरानवर पाऊस धो धो पडतो, पण डोंगराचा माथा तो सांठवीत नाहीं. शार्लट तळें हें वरचें मुख्य पाणी. तें पुरेसें नाहीं म्हणून खालून उपसून पाणी चढवावें लागतें. गर्दीचा महिना आणि पाण्याच्या टंचाईचा महिना एकच, तो म्हणजे मे. आपण दिवसांतून दोनदां न्हाणीघरांत जें पाणी निश्चिंतपणें सोडतों त्याचा प्रत्येक तांब्या अडीच हजार फूट चढून आलेला असूं शकतो, हें मुलांस सांगितलें पाहिजे. आणि मुलांच्या आधीं स्वतःस.

ह्याच डोंगरावर १ डिसेंबर १९१२ रोजीं एका गरीब नाभिक घरांत विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हा मुलगा जन्मला. पुढें तो वकील झाला, शेतकऱ्यांच्या व आदिवासींच्या हितासाठीं झटला, १९४२ च्या लढ्यांत भूमिगत झाला, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडच्या रानांत पोलिसांच्या गोळ्यांनीं धारातीर्थीं पडला. हुतात्मा भाई कोतवाल म्हणून त्यांस महाराष्ट्र ओळखतो. सहलीस जाणाऱ्यास त्या डोंगरावर बंगले व टोंकें दिसतात. पण तेथें घरें आहेत, तेथें माणसें जन्मतात, वाढतात, आणि प्रसंगीं देशासाठीं मरतात, ह्याचें स्मरण राहावें म्हणून हें नांव आम्हीं मुद्दाम घेतलें. जें गांव आपल्यास चार दिवसांची करमणूक तें दुसऱ्या कोणाचें तरी जन्मगांव असतें. ज्यास हें एकदां उमगलें, त्यास कचरा कोठें टाकावा हें शिकवावें लागत नाहीं.

आतां त्या सुटीची गोष्ट पुरी करूं. आमच्या घरच्या वादाचा निकाल असा लागला. तीन दिवसांत पांच ठिकाणें हा बेत सोडून पांच दिवस एकच ठिकाण असें ठरलें. कारण प्रवासांतील बहुतेक धूर व दगदग ही राहण्यानें नव्हे, धांवण्यानें होते. मोटार घरीं राहिली. कल्याणावरून नेरळ, आणि नेरळाहून लहान गाडी, असा मार्ग घेतला. तिकिटांसाठीं पहांटे उठावें लागलें, आणि गाडी मुंगीच्या पावलांनीं गेली, ह्याबद्दल घरांत कुरकुर झाली हें कबूल केलें पाहिजे. मुक्कामाची जागा माथेरान स्टेशनाच्या अगदीं जवळ पाहून घेतली. मातोश्री स्टेशनांत उतरल्या आणि काठी टेकीत, नातीच्या खांद्यावर हात ठेवून, आपल्या पायांनीं बिऱ्हाडीं आल्या. त्यांस कोणी वाहून नेलें नाहीं. प्रश्नाचें उत्तर शंभर वर्षांपूर्वींच तयार होतें; आम्हीं तें विचारलें नव्हतें, एवढेंच.

दूरचीं टोंकें मातोश्रींनीं पाहिलीं नाहींत. त्या सकाळ-संध्याकाळ ओसरीवर बसत व समोरच्या जांभळीवरील माकडांवर लक्ष ठेवीत. एके दिवशीं खालून सामान घेऊन आलेल्या हमालास त्यांनीं पाणी देऊन बसविलें व त्याची चौकशी केली. तो खालच्या वाडीवरचा ठाकर होता. दररोज डोंगर चढून येई व उतरून जाई. तो गेल्यावर मातोश्री आम्हांस म्हणाल्या, "तुम्ही सगळे हवा खायला आलांत; हा रोज येतो, त्याला कोणी विचारलंय का हवा कशी आहे?" ह्या प्रश्नास आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. परततांना आमच्या पिशव्यांत रिकाम्या बाटल्या व कागद होते, आणि मजुरीचा दर ठरवितांना आम्हीं घासाघीस केली नव्हती. पण एवढ्यानें हिशेब चुकता झाला असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

निर्दोष प्रवास असा नसतोच, असें इतिहास पाहतां म्हणावें लागतें. कोणाच्या तरी पाठीवर, कोणत्या तरी झाडावर, कोठल्या तरी पाण्यावर आपला भार पडतोच. सुज्ञानें करावयाचें तें इतकेंच कीं, तो भार किती आहे व कोणावर आहे हें निघण्यापूर्वीं विचारावें, आणि शक्य तेथवर तो स्वतःच्या पायांवर घ्यावा. पुढील उन्हाळ्याचे बेत घरोघर सुरू होतील तेव्हां नकाशा उघडण्यापूर्वीं वाचकांनीं हा एक प्रश्न घरांतील सर्वांत लहान माणसास विचारूं द्यावा. आमच्या अनुभवास तो वाटाड्या चांगला ठरला.